धक्क्यावरचे माझे चार सेकंद

३ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ७.१०

युद्ध सुरू झालं आहे, म्हणून ही वही. युद्धात जो रोजनिशी ठेवतो त्यालाच इतिहास पुढे विचारतो. बाकीचे नुसते जखमी होतात.

बातमी काल नगरपालिकेच्या बैठकीत फुटली. ‘कॅप्टन क्राउसची विधवा’ पुन्हा काढणार. टोरांटोची कंपनी, आणि शूटिंग इथेच, आमच्या हेब्स कोव्हमध्ये, आमच्याच धक्क्यावर. परवानगी एकमताने मंजूर. टाळ्या वाजल्या. साप्ताहिकाचा वार्ताहर म्हणून मी पंचवीस वर्षं त्या खोलीत बसतो आहे, कधी मतप्रदर्शन केलं नाही. काल मात्र पेन टेबलावर जरा जोरात ठेवलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, पण नोंद असावी.

आणखी एक नोंद, विसरण्यासारखी नसली तरी. मूळ ‘विधवा’ १९७९ च्या शरद ऋतूत याच गावात चित्रित झाली. शेवटून दुसऱ्या प्रसंगात कॅप्टनची बोट धुक्यात नाहीशी होते, आणि धक्क्यावर पिवळ्या रेनकोटातलं एक मूल, डोक्यावर टोपी ओढलेलं, पाठमोरं उभं राहून हात हलवतं. चार सेकंद. ते मूल मी. ऑर्व्हिल कॉर्कम, वय वर्षे नऊ.

संकल्प: रीमेक पाहणार नाही. त्याविषयी बोलणार नाही. त्या लोकांना साधा रस्ताही सांगणार नाही.

दुपारी १२.४०. टपालकचेरीबाहेर एका बाईने धक्क्याचा रस्ता विचारला. टोरांटोची, नट निवडायला आली आहे. सांगितला. कोपऱ्यापर्यंत सोडूनही आलो. तत्त्व वेगळं, सभ्यता वेगळी.

५ सप्टेंबर, शुक्रवार

‘मूळ विधवा संरक्षण समिती’ स्थापन. अध्यक्ष मी, चिटणीस क्लाइड हिमेलमन. सभासदांची यादी इथे संपते. क्लाइड लॉबस्टर पकडतो. हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीस, तोवर पिंजरे दुरुस्त करण्यापलीकडे काम नाही, म्हणून समितीला वेळ देऊ शकतो. सभा कॉफीच्या दुकानात झाली. क्लाइडने ठराव मांडला की आधी डोनट मागवावेत. मंजूर. मग मी रीमेकचं तात्त्विक खंडन केलं, पंचेचाळीस मिनिटं. क्लाइडने शेवटी एकच शंका काढली: नव्या सिनेमात बोट कुणाची वापरणार म्हणे?

भोळा माणूस आहे. पण फौज अशाच माणसांची बनते.

८ सप्टेंबर, सोमवार. रात्रीच्या जेवणाआधी

विचार टिपून ठेवतो, लेखाला उपयोगी पडतील.

रीमेक म्हणजे आपलाच विनोद आपल्यालाच सांगणारा माणूस. वर हसण्याची जागाही तोच दाखवतो. नव्या सिनेमात खलाशांचे दात पांढरे असतात. वादळ स्वच्छ असतं. कोणी कोणाला ‘येतो’ म्हणून निघून जात नाही. आधी आपलं बालपण समजावून सांगतो. मूळ ‘विधवा’ चौऱ्याण्णव मिनिटांची आहे आणि त्यातली अकरा मिनिटं कोणीही काहीही बोलत नाही. ही अकरा मिनिटं पुन्हा काढून दाखवा म्हणावं.

बर्निसला हे वाचून दाखवलं. बायको म्हणून तिने ऐकलं, ग्रंथपाल म्हणून आक्षेप घेतला: मूळ मूळ काय करतोस, मूळ तर कादंबरी आहे, तुझा सिनेमाच तिची नक्कल, आणि ती कादंबरी सव्वीस वर्षं तिच्या ग्रंथालयात आहे, कार्डावर माझं नाव एकदाही नाही. मी शांतपणे सांगितलं की कादंबरी आधी आली हे मान्य. अंडंही आधीच येतं. पण न्याहारीला आपण ऑम्लेट खातो.

हॅलिफॅक्सला विद्यापीठात मी दोन वर्षं संस्कृत शिकलो. वृद्ध प्राध्यापक होते, विद्यार्थी दोन. तिथे मला पाठभेद म्हणजे काय, प्रक्षिप्त श्लोक कसा ओळखायचा, हे कळलं. गावात हे कळणारा मी एकटा. बर्निसच्या मते त्या दोन वर्षांनी माझं जे नुकसान झालं ते दारूनेही झालं नसतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लेख छापून आला. मी अठराशे शब्द दिले होते. संपादकाने त्यातले चाळीस ठेवले. चर्चच्या बीन्सच्या जेवणाची जाहिरात आणि हरवलेलं मांजर यांच्यामध्ये. मथळा: ‘स्थानिक रहिवाशाला जुना सिनेमा आवडतो.’

दडपशाही. म्हणजे ते घाबरले आहेत.

१७ सप्टेंबर, बुधवार. संध्याकाळी ५.३०

अक्षर वाकडं येतं आहे. (कॉफी चौथी.)

टोरांटोची बाई आज मार्लीनच्या थिएटरात भेटली. मार्लीन एर्न्स्ट आमच्या गावच्या एकुलत्या एका थिएटरची मालकीण. माझ्या वर्गात होती. तिकिटं स्वतः फाडते, डाव्या हाताने. त्या हाताची करंगळी अर्धीच आहे, सातव्या वर्षी वडिलांच्या बोटीवर दोर ओढणाऱ्या चाकात गेली. मी बाईंना माझी ओळख करून दिली: मूळ चित्रपटातला धक्क्यावरचा मुलगा. बाई अदबीने म्हणाल्या की योगायोग पाहा, त्या नऊ वर्षांची मुलगी शोधताहेत. मुलगी का? तर कादंबरीत मुलगीच आहे, आणि हा सिनेमा कादंबरीशी प्रामाणिक राहणार आहे.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की कादंबरीत काय वाटेल ते असो, धक्क्यावर मुलगा होता. हा मतभेदाचा विषय नाही, जनगणनेचा आहे.

मार्लीन तिकिटांचं बंडल सोडवत होती. मी म्हटलं, मार्लीन, तूही त्या दिवशी धक्क्यावर होतीस, सांग यांना. आम्ही सहा मुलं होतो, सगळ्यांना सारखेच पिवळे रेनकोट वाटले होते. बाकीची चौघं आता पश्चिमेकडे कुठे कुठे पांगली. मार्लीनने बंडलाकडे बघतच उत्तर दिलं की धुकं फार होतं.

मग मला म्हणाली, “विधवेने दुसरं लग्न केलं तर तुझ्या पोटात का दुखतं, ऑर्व्हिल? तुझ्या घरची आहे का ती?”

बाई हसल्या. मी हसलो नाही. जिथे तत्त्वाचा प्रश्न असतो तिथे लोक विनोद करतात.

१८ सप्टेंबर, गुरुवार

रात्रभर विचार केला. मला चार सेकंद मिळाले आहेत. लोकांना तेवढेही मिळत नाहीत. ते चार सेकंद आता कोणा टोरांटोच्या मुलीला देणार, आणि वीस वर्षांनी कोणी विचारलंच, तर धक्क्यावर मुलगीच होती असं छापून येणार.

पुरावा हवा.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पुरावा सापडला. ईश्वर आहे.

दरवर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी मार्लीन ‘विधवा’चं जुनं रीळ लावते. गाव पिवळे रेनकोट घालून येतं, बाहेर ऊन असलं तरी. ते चार सेकंद आले की सगळे उभे राहून पडद्याकडे हात हलवतात, मग माझ्याकडे वळून हलवतात. मी तिसऱ्या रांगेत उठतो आणि वाकतो. एकतीस वर्षं हे चाललं आहे. पहिल्या वर्षी आई शेजारी होती.

तर हे रीळ आता गुलाबी पडलं आहे. समुद्र गुलाबी, धुकं गुलाबी, विधवाही गुलाबी. (तो गुलाबीपणा दिग्दर्शकाला अभिप्रेत होता असं माझं मत मी तीन लेखांत मांडलं आहे.) त्यात धक्क्यावरचं मूल म्हणजे एक पिवळट ठिपका, हात म्हणजे ठिपक्याला फुटलेला कोंब. आज कळलं की कंपनीने रीमेकच्या निमित्ताने मूळ निगेटिव्ह शोधून सिनेमा धुऊनपुसून नवा केला आहे. लाटेवरचा फेसही मोजता येतो म्हणे. मागेल त्या थिएटरला देतात.

मूल शेवटच्या क्षणी मान किंचित वळवतं. स्वच्छ प्रतीत गाल दिसेल. माझा गाल.

लगेच मार्लीनकडे गेलो. तिला ही कल्पना आवडली नाही, आणि याचं मला आश्चर्य वाटलं. आधी म्हणाली रीळ अजून चालतं. मग म्हणाली डिजिटलसाठी प्रोजेक्टर भाड्याने आणावा लागेल. मी आणतो म्हटलं. मग बराच वेळ काउंटर पुसला. पुसलेलाच होता.

“जुनंच लावू या रे,” ती म्हणाली. “लोकांना गुलाबी आवडतं.”

मी समजलो. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे सिनेमे दाखवत बसलेल्या माणसाला, पडद्यावर असलेल्या माणसाविषयी थोडं वाटणारच. मी मोठ्या मनाने तिला माफ केलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

पोस्टर स्वतः लिहिलं: ‘प्रथमच सुस्पष्ट! धक्क्यावरचं मूल कोण? सत्य पाहा!’ बर्निसने विचारलं की कोण हे सगळ्या गावाला माहीत असताना प्रश्नचिन्ह कशाला. मी म्हटलं नाट्यमयतेसाठी.

टोरांटोच्या बाईंना खास निमंत्रण. येते म्हणाल्या. त्यांना तिसऱ्या रांगेत, माझ्या शेजारीच बसवणार.

समितीत फूट. क्लाइडने आपली बोट रीमेकला भाड्याने दिली. सभेत जाब विचारला. त्याचं म्हणणं, बोट त्याने दिली, तो स्वतः अजून समितीतच आहे. वर डोनटचा ठराव मांडला. मी तटस्थ राहिलो. एक खाल्ला.

मार्लीन पुन्हा भेटली. नक्की ना, असं विचारलं. दोनदा विचारलं. मी म्हटलं मार्लीन, सत्याला काय भीती? तिने मान हलवली आणि माझ्या कोटाचं निघालेलं बटण दाखवलं.

११ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ९.००

आज. रेनकोट इस्त्री केला (करायचा नसतो; पाठीवर त्रिकोण उमटला आहे). बर्निसने पोटाजवळ दोन पट्ट्या वाढवून दिल्या. वाकण्याचा सराव तीन वेळा.

एक तपशील लक्षात आला. मूल डावा हात हलवतं. मी उजव्या हाताचा. चित्राची चौकट सांभाळण्यासाठी दिग्दर्शकाने डावा मागितला असणार. थोर माणूस.

१२ ऑक्टोबर, रविवार

कार्यक्रम पार पडला. गर्दी विक्रमी. थोडा तांत्रिक बिघाड.

सविस्तर नंतर.

१३ ऑक्टोबर, सोमवार. थँक्सगिव्हिंग (कॅनडाचं)

टर्की चांगली झाली होती. बर्निस दिवसभर एकही टोमणा न मारता वागते आहे. हे मला फार कठीण जातं.

लिहून टाकतो.

सिनेमा सुरू झाला. समुद्र करडा निघाला. थिएटर भरलेलं, सगळं पिवळंधमक. भाड्याचा प्रोजेक्टर बाल्कनीच्या कठड्यामागे टेबलावर ठेवला होता, मार्लीन त्याच्याजवळ उभी. माझ्या उजवीकडे टोरांटोच्या बाई, डावीकडे बर्निस, मागे क्लाइड. बोट सुटली. धुकं आलं. सगळे उभे राहिले, हात वर गेले.

पडद्यावर रेनकोटाचं एकेक बटण दिसत होतं. बाहीतून हात वर आला. हात स्वच्छ होता. पाच बोटं मोजली, आणि पाचवं अर्ध्यावर संपत होतं.

तेवढ्यात पडद्यावर सावली पडली. नंतर कळलं की मार्लीनने बिघाड झाल्यासारखं दिसावं म्हणून प्रकाशाच्या झोतात आपला हात घातला होता. एक सेकंद उशीर झाला. पोरीच्या चिमुकल्या हाताशेजारी, वीस फूट उंच, काळाकभिन्न दुसरा हात. त्याचीही करंगळी अर्धीच.

साठ-सत्तर माणसं हात वर करून उभी, हलवावा की खाली घ्यावा कळेना. क्लाइड हलक्या आवाजात म्हणाला, “ही तर आपली मार्लीन.” वाईट हेतूने नाही. तो समोर दिसेल ते म्हणतो.

मी उभा होतोच. एकतीस वर्षांची सवय. वाकलो.

बर्निसने माझा रेनकोट धरून मला खाली बसवलं आणि सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ६.२०

मन शांत झालं आहे. प्रश्न सुटला.

तथाकथित स्वच्छ प्रत ही स्वच्छ प्रत नाहीच. तो दुसरा रीमेक आहे. संगणक धूळ पुसतो, ओरखडे पुसतो. पुसता पुसता त्याने करंगळीचं टोक पुसलं. हस्तलिखितात असं नेहमी होतं: लेखनिक चूक दुरुस्त करायला जातो आणि श्लोक बदलून ठेवतो. करंगळी प्रक्षिप्त आहे. प्रमाण पाठ एकच, गुलाबी रीळ. धूसर, म्हणून विश्वसनीय.

संकल्प: स्वच्छ प्रतीवरही बहिष्कार. दोन आघाड्यांवर लढणार.

बर्निसला सांगितलं. तिने विचारलं, संगणकाला नेमकी मार्लीनचीच करंगळी कशी काय माहीत? विचार करून उत्तर देतो म्हटलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

विचार चालू.

२० ऑक्टोबर, सोमवार. दुपारी ४.००

मार्लीनकडे गेलो. जाब विचारायला. थिएटर रिकामं होतं, ती खुर्च्यांखालचे पॉपकॉर्न झाडत होती. दुसरा झाडू दिसला, म्हणून मीही घेतला. दोन रांगा झाल्यावर तिनेच विषय काढला.

“तू होतास तिथे, ऑर्व्हिल. पहिल्यांदा तुलाच उभं केलं होतं. पण तेव्हा ऊन होतं.”

दिग्दर्शकाला धुकं हवं होतं. सगळे वाट बघत थांबले. दुपारी युनिटने सर्वांना चावडर दिलं, मासे-बटाट्यांचं, भरपूर साय घातलेलं. मी तीन वाट्या घेतल्या. धुकं आलं तेव्हा मी मासळीच्या गोदामामागे होतो, आणि तिथून निघण्याच्या परिस्थितीत नव्हतो. दिग्दर्शक ओरडला, कोणीही मूल चालेल. मार्लीन जवळ उभी होती. मी परत आलो तेव्हा धुकं तसंच होतं, मला पुन्हा त्याच जागेवर उभं राहू दिलं, हातही हलवला. कॅमेरा गुंडाळून ठेवलेला होता, हे मला कोणी सांगितलं नाही.

मासळीच्या गोदामाचा वास मला आठवतो. तो का आठवतो, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारला नव्हता.

मग एकतीस वर्षं गप्प का बसलीस, असं मी विचारलं. आवाज मला हवा होता तेवढा चढला नाही.

“पहिल्या वर्षीच सांगणार होते,” मार्लीन म्हणाली. “पण तू उठून वाकलास. तुझी आई टाळ्या वाजवत होती. मग राहूनच गेलं.” आणि पुढच्या खुर्चीखाली झाडू घालत, “मला काय, मला अख्खं थिएटर होतं.”

उरलेल्या रांगा झाडल्या. अकरा.

जाताना तिने सांगितलं की टोरांटोच्या बाईंना धक्क्यावरच्या गर्दीसाठी प्रौढ माणसं हवी आहेत. मी सांगितलं की हा माझा अपमान आहे. वेळ किती वाजताची, तेवढं विचारून ठेवलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

ग्रंथालयातून कादंबरी आणली. मी कार्डावर सही केली तेव्हा बर्निसने डोळे वर केले नाहीत, पण शिक्का नेहमीपेक्षा जोरात मारला. एकशे बाराव्या पानावर धक्क्यावरची मुलगी आहे. बरी आहे. सिनेमाइतकी नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६.००

रीमेकविषयीचं माझं मत बदललेलं नाही. शत्रूची रचना आतून पाहून ठेवावी, एवढ्यासाठीच गेलो. समितीची मान्यता घेतली होती; क्लाइड बोटीवरूनच हो म्हणाला.

सकाळी सहाला धक्क्यावर. तपकिरी कोट, लोकरी टोपी. गर्दीत दुसरी ओळ, डावीकडून चौथा. सूचना: पाठ कॅमेऱ्याकडे, वळून बघायचं नाही. शेजारी मार्लीन, हातमोजे घालून. दिग्दर्शक तीस-एक वर्षांचा, दात पांढरे. गर्दीतल्या कोणाला बालपण समजावून सांगायला लावलं नाही, एवढं त्याच्या बाजूने.

पिवळ्या रेनकोटातली मुलगी नऊ वर्षांची, थंडीने नाक लाल झालेलं. तिने मागे वळून मला विचारलं, हात कुठला हलवायचा असतो, तुम्हाला माहीत आहे का? मार्लीन समुद्राकडे बघत होती.

डावा, म्हटलं.

मग सगळे धुक्याची वाट बघत थांबलो. दुपारी युनिटने चावडर दिलं. लोकांनी दोन-दोनदा घेतलं, क्लाइडने तीनदा. मी हात लावला नाही.

धुकं तीनला दहा कमी असताना आलं. मी जागेवर होतो.